डोळेवाली मावशी, पुणे

मी डोळे बनवते. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलं, तितक्या वेळा समोरच्यानं आधी माझ्या हातांकडे पाहिलंय आणि मग माझ्या डोळ्यांकडे. हेही त्यातलेच की काय, अशा नजरेनं. नाहीत. हे आईवडिलांनी दिलेले आहेत आणि आता त्यांना जाड चष्मा लागतो.

अपघातात, आजारात किंवा जन्मापासूनच ज्यांचा एक डोळा नसतो, त्यांच्या रिकाम्या खोबणीत बसणारा कृत्रिम डोळा बनवणं हे माझं काम. पुण्यातल्या एका नेत्र रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधांच्या खोक्यांशेजारच्या खोलीत मी ते तीस वर्षं केलं. लोकांना वाटतं हा डोळा म्हणजे गोटी. तशी गोटी नसते. ती एक उथळ वाटी असते, अंगठ्याच्या पेराएवढी. खोबणीचं माप घ्यायचं, त्यावरून मेणाचा नमुना करायचा, तो पांढऱ्या अ‍ॅक्रेलिकमध्ये उतरवायचा. मग पेशंटला खिडकीशी बसवून, त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत बघत बुबुळ रंगवायचं. पांढऱ्या भागातल्या बारीक शिरा मात्र रंगवत नाहीत. लाल रेशमी धागा सोडवून त्याचे तंतू एकेक करून चिकटवतात. त्यावर पारदर्शक थर, मग पॉलिश. शेवटी माणूस आरशासमोर उभा राहतो आणि खरा कोणता हे क्षणभर त्याचं त्यालाच कळत नाही, तेव्हा माझं काम झालेलं असतं.

मी निवृत्त झाले आणि ती खोली बंद झाली. माझ्यामागे ते काम करणारं कुणी नव्हतं, आणि यात दोष माझाच. मध्यंतरी दोन मुली शिकायला आल्या होत्या. त्यांचा हात जरा थरथरला की मी "राहू दे, मी करते," म्हणून ब्रश काढून घ्यायचे. वर्षभरात दोघी गेल्या. त्यांना शिकू दिलं असतं तर आज ती खोली उघडी असती. हे माझ्या मनाला लागून राहिलंय ते राहिलंयच.

पेशंटची रजिस्टरं रुग्णालयात राहिली. मोठ्यांचं एक वेळ ठीक असतं, पण मुलं वाढतात, खोबण वाढते, डोळा वाढत नाही. मुलांना दर वर्ष-दोन वर्षांनी नवा लागतो. माझी ती मुलं आता मला शोधणार कुठे? मी कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली रिकामी केली, पॉलिशचं मशीन आणून बसवलं, दारावर नावाची पाटी लावली आणि वाट बघत बसले. पाच महिन्यांत तिथे दोन माणसं आली. एक कुरिअरवाला आणि एक चुकून चष्मा दुरुस्तीला आलेले काका.

माझे पती मिलिंद शहराच्या बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. फार बोलत नाहीत, पण बोलतात ते स्पॅनरनं नट आवळल्यासारखं. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत वाट बघ. नाही कुणी आलं तर मशीन विकू आणि तिथे मी कुंड्या ठेवतो."

"माझ्या पेशंटच्या जागी कुंड्या?"

"कुंड्या निदान येतात तरी."

आमच्या वरच्या मजल्यावर मंजिरी राहते. चाळिशीची आहे, खराडीला एका कंपनीत मार्केटिंगचं काम करते. तिला लिफ्टमध्ये हे गाऱ्हाणं सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, तुमची वेबसाइट नाहीये? मग ऑफिशियली तुम्ही एक्झिस्टच करत नाही."

लिफ्टमध्ये असं ऐकून घ्यायची सवय मला नव्हती. पण तिनं वर नेऊन चहा पाजला आणि तयार नमुन्यांवर माउस फिरवून वेबसाइट कशी उभी करतात ते दाखवलं. आणि काय सांगू, मला वेडच लागलं! चित्र उचलायचं, इकडे ठेवायचं. अक्षर मोठं, अक्षर लहान. चुकलं की एक बटण, की मागचं परत! आमच्या कामात चुकलं की डोळा फोडून पहिल्यापासून. मी दहा दिवस स्वयंपाकाला दांडी मारली. मिलिंद रोज पोहे करत होते आणि रोज सांगत होते की पोहे त्यांनी केलेत.

साइटसाठी माझ्या नावाचा पत्ता घ्यायला गेले तर तो आधीच गेलेला. सुजाता गायकवाड नावाच्या दुसऱ्या एक बाई होत्या, त्या नखं रंगवून देत. नुसती रंगवून नाही, नखांवर मोर, नखांवर नवरी, नखांवर सोसायटीचं नाव. शेवटी मी नावापुढे शहराचं नाव जोडून पत्ता घेतला. त्यामुळे पुढे कित्येक दिवस मला "लग्न शुक्रवारी आहे, दहाही बोटांचे किती?" असे फोन येत राहिले. एकीला मी म्हटलं, "मी नखं करत नाही, डोळे करते." ती म्हणाली, "चालेल, डोळ्यांचा मेकअप पण हवाच आहे."

मजकूर मी इंग्रजीत लिहिला. परदेशी साइट बघून मोठमोठे शब्द उचलले. वर ठळक अक्षरांत, ऑक्युलर प्रॉस्थेटिक सोल्युशन्स. मिलिंदना दाखवलं.

"सोल्युशन म्हणजे ते पंक्चरचं?"

"अहो, उपाय."

"मग उपाय लिही ना. आमच्याकडे सोल्युशन ट्यूबला लावतात."

मी ऐकलं नाही. खाली मात्र एक ओळ मराठीत टाकली, कारण ती मला फार आवडली होती: 'नवा डोळा, नवी दृष्टी.' त्या ओळीवर मी इतकी खूश होते की चालता चालता ती गुणगुणत होते.

बुद्धपौर्णिमेला साइट सुरू केली. खीर केली, येरवड्याहून बहीण आली, मंजिरीनं टाळ्या वाजवल्या. साइटवर किती जण येऊन गेले ते एका पानावर दिसतं. दुसऱ्या दिवशी आकडा होता सात. सात! मी सगळ्यांना फोन केले. मग कळलं की त्यातल्या पाच वेळा मिलिंदच होते. बागेत फिरायला गेले तिथून एकदा, दुधाच्या रांगेतून एकदा, तीनदा घरातूनच, पलंगावर पडल्या पडल्या. "आकडा वाढलेला बरा दिसतो," म्हणाले.

चौथ्या दिवशी फिनलंडहून कुणीतरी आलं. फिनलंड! आम्ही नकाशा काढून बघितला. तिथल्या लोकांचे डोळे निळे असणार, म्हणून मी निळ्या रंगाची नवी बाटली मागवून टाकली. मंजिरीनं आठवड्यानं सांगितलं की ते माणूस नव्हतं. इंटरनेटवर हिंडून साइट वाचणारी यंत्रं असतात, त्यातलं एक होतं. मिलिंद म्हणाले, "म्हणजे सध्या तुझे पेशंट, एक नवरा आणि एक मशीन."

साइट बघून आलेला पहिला खरा माणूस शिरूरकडचा होता. साठीचे गृहस्थ, पांढरा सदरा, हातात पिशवी. त्यांच्या नातवाचा डोळा विटी लागून गेला होता. पुतणीनं मोबाइलवर माझी साइट दाखवली, म्हणून एसटीनं एकटेच चौकशीला आले होते. मी आनंदानं सगळं दाखवलं. मेण, रंग, लाल धागे. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि मग विचारलं, "बसवल्यावर किती दिसांनी दिसायला लागंल त्याला?"

मी म्हटलं, "यानं दिसत नाही, दादा. हा दिसण्यासाठी असतो, म्हणजे चेहरा नीट दिसावा म्हणून."

त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाले, "तुमी लिवलंय ना, नवी दृष्टी."

मी समोरचे लाल धागे गोळा करायला लागले.

"मग तसं लिवायचं नव्हतं, ताई," इतकंच म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

ते गेटपर्यंत पोचायच्या आत मी ती ओळ पुसली. मग तिथेच बसून सगळी साइट पुसली आणि मराठीत पहिल्यापासून लिहिली. वर पहिलं वाक्य टाकलं: 'या डोळ्याला दिसत नाही. हा डोळा फक्त दिसतो.'

मिलिंदनी चष्मा वर करून वाचलं. "कोणता दुकानदार पाटीवर पहिल्या ओळीत सांगतो, की माल चालत नाही?"

"मी सांगते."

त्यांनी चष्मा खाली केला. "ठेव," म्हणाले. "याला सोल्युशन लागत नाही."

तीन आठवड्यांनी ते आजोबा नातवाला घेऊन परत आले. "न का दिसंना. शाळेत पोरं चिडवत्यात, तेवढं थांबंल." मी त्या मुलाचा डोळा जीव ओतून केला. नव्या साइटवरचं पहिलं काम ते.

त्यानंतरचा फोन मी जन्मात विसरणार नाही. दुपारी जेवायला बसलो होतो.

"मॅडम, आमच्या बबनचा डोळा निखळून पडलाय."

मी ताटावरून उठलेच. "कधी? रक्त येतंय का? आधी हॉस्पिटलला न्या त्याला!"

"रक्त नाही येत," पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला. "भुसा येतोय."

ते गृहस्थ बोलक्या बाहुल्यांचे कार्यक्रम करत. बबन म्हणजे त्यांचा मांडीवर बसणारा लाकडी मुलगा, सव्वीस वर्षं जुना. संध्याकाळी दोघं आले. मी गृहस्थांना खुर्ची दिली, तर बबन म्हणाला, "आणि मी काय उभाच राहू?" मी खरंच दुसरी खुर्ची ओढली. माप घेताना तो सारखा बोलत होता. "हळू हो मावशी, लाकूड असलो तरी मन आहे." मिलिंद दारात येऊन उभे राहिले, तर त्यांच्याकडे एका डोळ्यानं बघून म्हणाला, "काका, तुमचे दोन्ही यांनीच केलेत का? सारखेच वटारलेत म्हणून विचारतो." मिलिंद इतके हसले की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. तीस वर्षांत माझ्या पेशंटनं मला इतकं हसवलं नव्हतं, आणि बहुतेक कुणाला हसायचं नसतंच तिथे.

डोळा बसला. पुढे बबन प्रत्येक कार्यक्रमात सांगायला लागला, "हा डोळा कर्वेनगरचा." त्या गृहस्थांनी आपल्या पानावर माझ्या साइटचा दुवा दिला. मंजिरी म्हणाली हे फार मोलाचं आहे, कारण आपण स्वतःबद्दल कितीही लिहिलं तरी शोधणारं यंत्र फारसं मनावर घेत नाही. चार जणांनी आपल्याकडे बोट दाखवलं की मग त्याला आपण दिसतो. या धंद्यातलं मला समजलेलं अर्धं शास्त्र हे.

उरलेलं अर्धं तिनं पुढच्या रविवारी शिकवलं. लोक काय शब्द टाइप करून शोधतात आणि त्यात आपलं पान कधी समोर येतं, याची एक यादी साइटच्या मालकाला बघायला मिळते. "मावशी, तुम्हाला काय सांगायचंय ते नंतर," ती म्हणाली. "लोक काय विचारतायत ते आधी वाचा."

मी वाचायला लागले. 'डोळा काढल्यावर पुढे काय'. 'खोटा डोळा झोपताना काढायचा का'. 'खोट्या डोळ्यानं पोहता येतं का'. 'एक डोळा नसेल तर लग्न'. आणि एक, 'खोटा डोळा रडतो का'.

रडतो. अश्रूंच्या ग्रंथी शाबूत असल्या तर त्या बाजूनंही पाणी येतं. हे मी तीस वर्षं पेशंटना तोंडी सांगत आले होते, पण ज्यांना माझी खोली माहीत नव्हती ते हे प्रश्न एकट्यानं मोबाइलला विचारत होते. मी प्रत्येक प्रश्नाचं एक पान केलं. साधं, समोर बसलेल्या माणसाला सांगावं तसं. पंधरा-वीस दिवसांत फोन वाजायला लागला. साताऱ्याहून, लातूरहून, एक तर दुबईहून, आणि या वेळी माणूसच होता. कुंड्यांचा विषय घरात निघेनासा झाला.

आणि त्याच यादीत, अगदी तळाशी, मला एक ओळ दिसली. 'डोळेवाली मावशी पुणे'. माझं पान त्या शोधात कुठेतरी सातव्या-आठव्या पानावर पडलेलं, त्यामुळे ते कुणी उघडलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात यादीत ती ओळ परत. त्याच्या पुढच्याही आठवड्यात.

मी मंजिरीला फोन लावला. "अगं, मोठे पेशंट मला मॅडम म्हणायचे. मावशी फक्त मुलं म्हणायची. हे माझं कुणीतरी आहे. मला शोधतंय."

"कोण आहे ते नाही कळणार, मावशी. फक्त शब्द दिसतात."

"मग मी काय करू?"

"तोच बोर्ड लावा ना! त्याच शब्दांचं पान करा. टायटलमध्येच टाका."

मी त्याच दिवशी पान केलं. शीर्षक, 'डोळेवाली मावशी, पुणे'. खाली लिहिलं: रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधांच्या खोक्यांशेजारच्या खोलीत बसायची ती मीच. तू लहान होतास किंवा होतीस. आता तुझा डोळा लहान झाला असेल. मी कर्वेनगरला आहे. ये.

मिलिंदनी वाचलं. मग ते शब्द टाकून स्वतःच शोधून बघायला लागले, दिवसातून कितीतरी वेळा. "सहाव्या पानावर आलीस." "चौथ्या." "अगं, पहिल्या पानावर! खालून दुसरी!" भाजी घेताना, गच्चीत, बँकेच्या रांगेत. शेवटी एक दिवस न्हाणीघरातून ओरडले, "सुजाता, सगळ्यात वर!" मी पोळी तव्यावर टाकून दारापर्यंत धावत गेले आणि आम्ही दोघं बंद दाराच्या दोन बाजूंना उभे राहून ओरडलो.

चार दिवसांनी फोन आला. मुलीचा आवाज, वऱ्हाडी.

"तुम्ही डोळेवाल्या मावशी का?"

"हो."

"खात्री कशी करू? कोणी पण लिहील. त्या मावशी माप घेताना गाणं म्हणायच्या. लय बेसूर म्हणायच्या. त्याच का तुम्ही?"

स्पीकर चालू होता. मी तोंड उघडायच्या आत मिलिंद ओरडले, "त्याच! त्याच!"

ती पल्लवी. तिचे वडील भोसरीला कारखान्यात कामाला होते. तिला तीन वर्षांची असताना आणलं होतं आणि बारा वर्षांची होईपर्यंत तिचे पाच डोळे मी केले. मग वडिलांचं काम सुटलं, ते सगळे वाशीमला परत गेले आणि ती यायची थांबली. आता ती वीस वर्षांची होती, वर्षभरापासून खराडीला एका कॉल सेंटरमध्ये. "मी तर कधीची शोधून राहिली तुम्हाला," म्हणाली. "रुग्णालयात गेली तर तुमच्या खोलीत आता झेरॉक्सचं मशीन ठेवलंय. तुमचं नाव कोणाले विचारू? मले तर नावच माहीत नव्हतं."

ती आली तेव्हा केसांची एक बट चेहऱ्यावर ओढून घेतलेली. आत बाराव्या वर्षाचा डोळा, खोल गेलेला, पॉलिश उडालेला. मी तिला खिडकीशी बसवलं. तिचा रंग मला आठवत होता: कडेला काथ, मध्ये गूळ, आणि बाहुलीजवळ खारकेसारखी एक रेघ. मी हटकून गाणं म्हटलं. ती हसली, मग रडली, आणि पाणी दोन्हीकडून आलं.

डोळा झाला. तिनं आरशात बघितलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि बट कानामागे टाकली. मला वाटलं झालं. ती म्हणाली, "मावशी, आता दुसरा करा."

"दुसरा कशाला? हा जुळला नाही?"

"हा हापिसासाठी. मले एक मोरपंखी पाहिजे."

मी हातातला ब्रश खाली ठेवला. तिला सांगितलं की माझं सगळं कसब कुणाच्या लक्षात येऊ नये यासाठी आहे. तीस वर्षं मी त्यासाठीच मान मोडून घेतली. लोक वळून बघतील असा डोळा मी कसा करू?

ती म्हणाली, "लोकं तर तशेही पाहतात, मावशी. पाहूनच राहिले आहेत तर काही पाहण्यासारखं तरी पाहू द्या."

मी मिलिंदकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले. "ग्राहक सांगतो तो रंग. बसला आम्ही लाल दिला तो काय आम्हाला आवडत होता म्हणून?"

तीस वर्षं मी तपकिरीच्या छटा कालवत आले होते. त्या दिवशी निळा काढला, हिरवा काढला, कडेला सोनेरीचा एक केस फिरवला. हात थरथरत होता आणि मला त्याची पर्वा नव्हती. दोन दिवसांनी तो डोळा पॉलिश होऊन हातात आला तेव्हा मी तो उन्हात धरून घरभर फिरले. मंजिरीला वरून बोलावलं. ती दारातच किंचाळली.

पल्लवीनं तो घातला, फोटो काढायला लावले आणि स्वतःच साइटवर टाकायला सांगितले. मग पर्स उचलून, दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाली. मैत्रिणी वाट बघत होत्या.

दहा मिनिटांत तिचा फोन. मला वाटलं डोळा टोचतोय, कुठेतरी घासतोय. "काय झालं गं? दुखतंय का?"

"नाही हो मावशी. रिक्षात आहे. तो रिक्षावाला आरशातून सारखा माझ्याकडेच पाहून राहिला."

"मग? काय म्हणालीस त्याला?"

"म्हटलं, दादा, समोर पाहा. तुमचा डोळा गेला तर आमच्या मावशीकडे फक्त मोरपंखी शिल्लक आहे."